काठ काढलेलं जुनेर

"सोळा," शरदिनीताई म्हणाल्या.

"सत्रह," गीता म्हणाली. "एगो पीठ पर बा, दीदी. आप देखबे ना कइलीं."

सहा वर्षांच्या पोरीने आपली चूक काढावी आणि ती खरी निघावी, याची शरदिनीताईंना आता सवय झाली होती. त्यांनी गीताला वळायला सांगितलं नाही. स्वतःच टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या. खांद्याच्या पात्याखाली वाटाण्याएवढा एक फोड पाण्याने टम्म भरलेला होता. त्यांनी हातातल्या कागदावर छापलेल्या बाहुलीच्या पाठीवर पेन्सिलीने छोटंसं वर्तुळ काढलं आणि खाली आकडा लिहिला.

"सत्रह. जीत गइलू. अब खुस?"

गीता खूश होती. महिन्यापूर्वी हाच आकडा एकतीस होता आणि त्याआधी एकेचाळीस. आकडा उतरला की तिचा बाप दशाश्वमेधवरून तिला जिलेबी आणून देई, त्यामुळे खरं तर तिने फोड लपवायला हवे होते. पण गीता पंचगंगा घाटावरच्या मल्लाहाची, नावाड्याची पोर होती आणि तिला भांडणात जिंकायला जिलेबीपेक्षा जास्त आवडायचं.

तिला जन्मापासून फोडांचा आजार होता. त्याचं पुस्तकातलं नाव इतकं लांबलचक होतं की वॉर्डात डॉक्टर मृणालिनींखेरीज कुणाला ते एका दमात म्हणता येत नसे. अर्थ मात्र सोपा होता. कातडीचा वरचा थर खालच्या थराला धरून राहत नाही. जरा घासलं, जरा दाबलं की फोड येतो, फुटतो आणि खाली लालभडक जखम राहते. इतर पोरांना आया बखोट धरून ओढतात. गीताचं बखोट धरलं असतं तर कातडी हातात आली असती. तिला उचलायचं ते एक तळवा बुडाखाली आणि एक मानेमागे देऊन. तिचा फ्रॉक उलटा घालायचा, म्हणजे शिवणी बाहेर राहतात. हे सगळं शरदिनीताईंनी गेल्या दोन वर्षांत कितीतरी आयांना करून दाखवलं होतं.

त्यांनी सुई घेऊन फोडांतलं पाणी काढलं, वरची कातडी तशीच झाकून ठेवली, ट्यूबमधलं मलम बोटाने पातळ लावलं. मग एकदा दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर बायका बोलत होत्या, डॉक्टरांची खुर्ची रिकामी होती. ताईंनी इस्पितळाची पट्टी बाजूला सारली आणि आपल्या कापडी पिशवीतून एक घडी काढली.

"बैंगनी वाला?" गीताने विचारलं.

"तेरा ही है. धुलके आया है. चुप बैठ."

जांभळ्या काठाचा तो तुकडा त्यांनी तिच्या पाठीवरून, काखेखालून हलकेच गुंडाळला. काठाच्या टोकाला टोक बांधलं. गीताने डोळे मिटले आणि सुस्कारा टाकला, तो एखाद्या म्हाताऱ्या बाईला शोभला असता.

सत्त्याण्णव साल होतं, पितृपक्ष चालू होता आणि सगळी काशी पिंडदानाला आलेल्या माणसांनी भरून गेली होती. शरदिनीताईंच्या निवृत्तीला तेरा महिने उरले होते. चौतीस वर्षं त्यांनी या मुलांच्या इस्पितळात काढली होती. रामघाटावरच्या मराठी वस्तीत, जिथे पहाटेपासून पाठशाळेतून वेदांचे आवाज येतात, त्या वस्तीतली नर्स झालेली ती पहिली मुलगी. तेव्हा गल्लीतल्या लोकांनी नाकं मुरडली होती. आई, अन्नपूर्णाबाई, एवढंच म्हणाली होती की घाण सगळ्यांच्याच घरी निघते, ही पगार घेऊन काढेल. आईच्या त्या एका वाक्यावर ताईंची अख्खी नोकरी उभी होती.

डॉक्टर मृणालिनी नागपूरहून आल्या आणि त्यांनी या आजाराच्या मुलांवर एका नव्या मलमाचा अभ्यास मांडला. आसपासच्या जिल्ह्यांतून सव्वीस मुलं जमली. ट्यूबा दोन प्रकारच्या होत्या, एकीवर 'अ' आणि दुसरीवर 'ब'. एकीत औषध होतं आणि दुसरीत साधं व्हॅसलीन. कशात काय, हे ना डॉक्टरांना माहीत, ना ताईंना, ना आयांना. ते लखनौला एका बंद पाकिटात होतं. कुणी कुठल्या मुलाला झुकतं माप देऊ नये म्हणून ही व्यवस्था. बाकी सगळं दोन्हीकडे सारखं हवं. पट्टी इस्पितळाची, धुणं इस्पितळाच्या पद्धतीचं, आणि याखेरीज दुसरं काहीही वापरायचं नाही. तसं लिहिलेल्या कागदावर ताईंनी सही केली होती.

पाकीट लखनौला असलं तरी हात काशीतच होते. दुसऱ्या महिन्यात शरदिनीताईंच्या हातांना कळायला लागलं. 'अ'वाल्या मुलांची जखम बोटाखाली सुकी लागायची. 'ब'वाल्यांची ओली. 'ब'ची पोरं पट्टी सोडताना किंचाळायची, कारण इस्पितळाची पट्टी खरबरीत होती आणि जखमेत रुतायची. ताई घरी यायच्या आणि त्यांना जेवण जात नसे.

रामघाटच्या मराठी घरांत जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा नवं कापड घालत नाहीत. नवं कापड बोचतं. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, शेकडो वेळा गंगेत पिळून निघालेलं, बोटांना लागतही नाही असं मऊ झालेलं जुनेर काढायचं, आणि बाळाला त्यात घ्यायचं. शरदिनीताईंना कुणीतरी त्यात घेतलं होतं, त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना घेतलं होतं. मग एके दिवशी गाजीपूरहून आलेलं आठ महिन्यांचं एक बाळ, 'ब'चं, पट्टी लावताना रडून रडून निळं पडलं. ताई दुसऱ्या दिवशी घरून आईचं एक लुगडं घेऊन आल्या. हिरव्या काठाचं. आईने आयुष्यभर नेसून नेसून त्याचा मूळ रंग घालवला होता. ताईंनी ते उकळलं, कापलं, बाळाला गुंडाळलं. बाळ झोपलं.

त्यानंतर हात थांबला नाही. कुणाला जांभळा काठ, कुणाला लाल, कुणाला आपल्या यजमानांच्या, शास्त्रीबुवांच्या धोतराचा तुकडा. सहा महिन्यांत अकरा मुलांना त्यांनी जुनेर दिलं. प्रत्येक आईला बजावलं, डॉक्टरांना सांगू नको.

हिरव्या काठाचं बाळ श्रावणात गेलं. जखमेत पू झाला, तो रक्तात उतरला आणि तीन दिवसांत खेळ आटोपला. पंधरा दिवसांनी त्याची आई गाजीपूरच्या बसने एकटी आली. तो तुकडा तिने धुऊन, वाळवून, चौघडी करून आणला होता. "किसी और बच्चे को दे दीजिएगा," म्हणाली आणि पाणीसुद्धा न पिता परत गेली. ताईंनी तो तुकडा कुणाला दिला नाही. त्यांच्या ट्रंकेत तळाशी तो तसाच होता.

गीताला बाहेर तिच्या आईच्या हवाली करून त्या हात धूत होत्या, तेवढ्यात डॉक्टर मृणालिनींनी हाक मारली. या बाईंचं वय अडतीस, आवाज चढा, आणि वॉर्डात त्या हिंदी बोलायच्या. पण मनातलं बोलायचं असलं की खोलीचं दार लोटून मराठीवर यायच्या.

"बसा ताई. लखनौहून आकडे आले."

"मग?"

"मग काय. काही फरक नाही." डॉक्टरांनी कागद टेबलावर टाकला. "'अ'ची मुलं सुधारली, 'ब'चीही तितकीच सुधारली. म्हणजे औषध असलं काय आणि व्हॅसलीन असलं काय, सारखंच. दोन वर्षं गेली माझी. शुक्रवारपर्यंत सगळ्या ट्यूबा गोळा करा. अभ्यास बंद."

"बंद म्हणजे... औषधही?"

"कामाचं नसलेलं औषध कोण बनवेल? कंपनी मलम कपाटात ठेवील आणि विसरून जाईल."

शरदिनीताईंना पहिल्यांदा, खोटं कशाला सांगायचं, बरंच वाटलं. 'ब'ची मुलं 'अ'च्या बरोबरीला आली! त्या जवळजवळ हसल्याच. डॉक्टरांचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी हसू गिळलं आणि बाहेर आल्या.

बाहेर बाकावर विश्वेश्वरची आई होती. चुनारहून यायची. विश्वेश्वर आठ वर्षांचा, 'अ'चा. तो आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं फोड येऊन येऊन एकमेकांना चिकटायला लागली होती, मूठ उघडत नव्हती. आता तो बाकावर बसून पाटीवर खडूने आपलं नाव काढत होता. 'श्व' त्याला दोनदा काढावा लागतो म्हणून तो वैतागला होता.

"सिस्टर जी," बाई उठून म्हणाली, "डॉक्टर साहब जोर से बोल रही थीं. ट्यूब बंद होगी क्या?"

"कौन बोला?"

"हमने सुना. बंद मत कराइएगा. देखिए, लिखता है अब." तिने पाटी पुढे केली. पदर तोंडाला लावला. "इसी से तो हाथ खुला है."

शरदिनीताईंनी पाटीकडे पाहिलं. विश्वेश्वरला त्यांनी जुनेर दिलं नव्हतं. त्याला गरजच पडली नव्हती. त्याचा हात उघडला तो त्या ट्यूबेने. आणि ती ट्यूब कपाटात जाणार होती, कारण त्यांनी आपल्या हाताने दुसऱ्या पारड्यात गुपचूप आईची लुगडी टाकली होती. औषध नालायक ठरलं नव्हतं. ताईंनी ते नालायक ठरवलं होतं.

"देखेंगे," एवढंच त्या म्हणाल्या. चौतीस वर्षांत त्यांनी कुठल्या आईला इतकं पोकळ उत्तर दिलं नव्हतं.

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा बिंदुमाधवशास्त्री दोरीवर वाळत घातलेले कपडे मोजत उभे होते. ताईंचे हे यजमान पाठशाळेत ऋग्वेद शिकवत. संकठा देवीच्या दर्शनाला जाऊन आल्याशिवाय त्यांना चहा चालत नसे आणि चहा आल्याशिवाय बोलणं सुचत नसे. आज मात्र दोन्ही नियम मोडले होते.

"अगं, माझी धोतरं कुठे जातात? चैत्रापासून तीन गायब. मी खाली-फुकट माकडांवर आळ घेत बसलोय."

"माकडांनी नाही नेली. मी नेली."

"तू? कशाला?"

शरदिनीताई ओट्यावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. गाजीपूरचं बाळ, अकरा मुलं, लखनौचे आकडे, चुनारची पाटी. ऐकता ऐकता शास्त्रीबुवांनी दोरीवरचं उरलेलं धोतर काढून घडी घातली आणि मांडीवर ठेवलं.

"कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच. पहिल्यांदा."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर काही नाही. तेरा महिन्यांनी हार घालतील, शाल देतील, फोटो काढतील. ट्यूब मिळणार नाही कुणाला. आणि सांगितलं तर..." ताईंनी दाराबाहेर गल्लीकडे पाहिलं. "गल्लीतले म्हणतील, बघा, चौतीस साल नोकरी केली आणि जाता जाता तोंड काळं केलं. पेन्शन अडकवतील का हो?"

"ते मला माहीत नाही." शास्त्रीबुवांनी धोतराची घडी मोडून पुन्हा घातली. "परवा दत्तात्रेयाची परीक्षा घेत होतो. पोराने एक स्वर खाली घ्यायचा तो वर घेतला. तिथून पुढे पाच पानं एकदम बराबर म्हटली. एक मात्रा चुकला नाही. मी काय केलं असेल?"

"कान धरला असेल."

"ते तर केलंच. पण मग त्याला चुकला त्या ठिकाणी परत नेला. म्हटलं, इथपासून म्हण. तो रडायला लागला, म्हणे, पुढचं सगळं तर बरोबर आलं गुरुजी. मी म्हटलं, असू दे. इथपासून."

"तो बारा वर्षांचा आहे. मी सत्तावन्नची."

"मग तुला जल्दी पाठ होईल," शास्त्रीबुवा म्हणाले आणि चहा टाकायला स्वतः उठले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण हे दृश्य ताईंनी याआधी फक्त दोन बाळंतपणांत पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेआधी पोचल्या. डॉक्टरांच्या खोलीचं दार त्यांनी स्वतःच लोटून घेतलं.

डॉक्टर मृणालिनींनी ऐकून घेतलं. पहिली काही मिनिटं त्यांना अर्थच लागेना. मग लागला.

"तुम्ही सही केली होती!" त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार. "मी तुम्हाला मराठीतून वाचून दाखवलं होतं, ताई. याखेरीज दुसरं काहीही वापरायचं नाही. काहीही!"

"हो."

"मग?"

"मला वाटलं, ते औषधांबद्दल आहे. जुनेर म्हणजे काही औषध नव्हे. ते तर घरोघरी..." ताई थांबल्या. पदर सारखा केला. "नाही. हे खोटं आहे. मी दर वेळी दाराकडे बघून देत होते. म्हणजे मला माहीत होतं."

खोलीतला पंखा कुरकुरत होता. डॉक्टरांनी कोरा कागद पुढे ओढला.

"यादी आहे तुमच्याकडे? कुणाकुणाला दिलं?"

"यादी नाही. पण सांगते." आणि ताईंनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. "जांभळा काठ, गीता. लाल रुद्राक्षकाठ, मिर्झापूरच्या जुळ्यांना, दोघींना अर्धा अर्धा. धोतर, एक मुगलसरायच्या पोराला आणि दोन जौनपूरच्या भावंडांना. पिवळा काठ, सारनाथची ती बोबडी. काळी चंद्रकळा, माझ्या सासूबाईंची, चार तुकडे केले होते, तिचे तीन दिले, एक माझ्याकडे आहे." त्या एकेक गाव, एकेक पोर, एकेक लुगडं सांगत गेल्या, आणि प्रत्येकाचा महिना, आठवडासुद्धा. शेवटी थोडं थांबून म्हणाल्या, "हिरवा काठ. गाजीपूरचं बाळ."

डॉक्टर लिहीत होत्या. लिहिलेल्या नावांपुढे त्यांनी एकेक अक्षर टाकलं आणि मग पेन तिथेच राहिलं.

"ताई, ही अकराच्या अकरा 'ब'ची मुलं आहेत."

"हो."

"तुम्हाला कुणी सांगितलं? पाकीट लखनौला आहे. मला माहीत नाही!"

"कुणी नाही सांगितलं. हातांना कळलं. 'ब' ओली राहायची."

डॉक्टरांनी लखनौला फोन लावला. लाइन लागायला वीस मिनिटं गेली. फोनवर डॉक्टर फारसं बोलल्या नाहीत. रिसीव्हर ठेवला तेव्हा त्यांचा राग गेला नव्हता, पण त्याच्याबरोबर दुसरंही काही चेहऱ्यावर आलं होतं.

"'ब' म्हणजे व्हॅसलीन," त्या म्हणाल्या. "नुसतं साधं व्हॅसलीन. तुमचं जुनेर आणि माझं औषध सहा महिने बरोबरीने धावलं. आणि आता दोघांपैकी एकाचंही मला काही सिद्ध करता येत नाही. सगळं फुकट. कळतंय तुम्हाला?"

"कळतंय."

"मला अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवावं लागेल. तुमच्या नावासकट."

"कळवा," शरदिनीताई म्हणाल्या. "फक्त ट्यूब बंद करू नका. चुकलं तिथपासून परत करा."

समितीच्या पुढे त्यांना दोनदा उभं राहावं लागलं. सात माणसांपुढे, हिंदीत, सगळं पुन्हा सांगावं लागलं. फाइलीत ताकीद आली. फोड मोजण्याचं आणि मलम लावण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं, ते वीणा नावाच्या तरुण नर्सकडे गेलं. त्या दिवशी ताईंनी बाहुलीच्या कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल वीणाच्या हातात दिली आणि भांडारात जाऊन रडून घेतलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी मुलाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.

पण अभ्यास बंद झाला नाही. जुने आकडे बाद झाले आणि दिवाळीनंतर पहिल्यापासून सुरुवात झाली. नव्या ट्यूबा, नव्या खुणा, लखनौला नवीन पाकीट. गीताही आली, विश्वेश्वरही आला. कुणाला काय मिळालं ते पुन्हा कुणालाच माहीत नव्हतं. आणि समितीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक प्रश्न काढला होता. ज्या कापडाने मुलं रडायची थांबली असं ही बाईच सांगते, ते आता एकाही मुलाला द्यायचं नाही, असं आपण कुठल्या तोंडाने ठरवणार? तेव्हा नियम झाला. पट्टीऐवजी मऊ जुनं सुती कापड, दोन्हीकडच्या सगळ्या मुलांना, सारख्या मापाचं, सारखं उकळलेलं. काठ कापून टाकायचे, कारण काठ कडक असतो, आणि काठ ठेवला तर कापडाकापडांत फरक राहतो.

हे कापड तयार करण्याचं काम कुणाचं, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

रामघाटावर शरदिनीताईंनी घरोघर जाऊन जुनेर मागितलं. त्यांना वाटलं होतं लोक टोमणे मारतील. एक-दोघांनी मारलेही. पण सगळ्यांनी ट्रंका उघडल्या. पाठशाळेतून धोतरांचा भारा आला, तो शास्त्रीबुवांनी स्वतः उचलून आणला आणि "यातलं माझं एकही नाही, मोजून घे," असं दोनदा बजावलं. भांडारातल्या मोठ्या पातेल्यात ताई कापड उकळायच्या, गच्चीवर उन्हात वाळवायच्या, पुठ्ठ्याचं माप ठेवून कापायच्या. वर्षभर गच्चीवर पांढरे तुकडे फडफडत होते. त्या कामात त्यांचं मन रमलं, हे त्यांना स्वतःशी कबूल करायला तीन-चार महिने लागले.

मुलांना हात लावायचा नव्हता, पण मुलं गच्चीवर यायची. गीता पायऱ्या मोजत यायची.

"दीदी, आज नौ," तिने भादव्यात येऊन सांगितलं. "वीणा सिस्टर आठे बोलत रहलीं. हम कहलीं, नौ."

"मुझे मत बता. हमको सुनना मना है."

"काहे?"

"हम सुन लेब, त हमार हाथ फिर से बदमासी करी."

गीताला हे उत्तर फार आवडलं. ती दर महिन्याला आकडा सांगायला यायची आणि ताई दर महिन्याला दोन्ही कानांवर हात ठेवायच्या.

शेवटच्या दिवशी हार झाले, शाल झाली, फोटोही झाला. ताकीद फाइलीत राहिली आणि पेन्शन मंजूर झाली. समारंभ आटोपल्यावर डॉक्टर मृणालिनी गच्चीवर आल्या. हातात अभ्यासाच्या नियमांचा कागद होता, इंग्रजीतला. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी मराठीत वाचून दाखवलं.

"दोन्ही गटांतल्या सर्व मुलांना जुन्या, धुतलेल्या सुती कापडाचे सारखे तुकडे देण्यात येतात." मग जरा अडखळून म्हणाल्या, "नाव घालता येत नाही, ताई. ताकीद आहे ना."

"नाव कशाला? पण नुसतं 'धुतलेल्या' लिहिलंय? 'उकळून' लिहा हो. लोक तसंच पाण्यातून काढतील."

डॉक्टरांनी पेन काढून समासात तो शब्द लिहिला. मग कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

"पाकीट फाल्गुनात उघडेल. खरं सांगा, तुमच्या हातांना काय वाटतं? औषध जिंकेल?"

"माझे हात आता कापड कापतात," शरदिनीताई म्हणाल्या. "त्यांना काही माहीत नाही. आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं."

डॉक्टर हसल्या. वाकून नमस्कार करावा की नाही हे त्यांना ठरवता येईना, तेव्हा त्यांनी ताईंचे दोन्ही हात क्षणभर धरले आणि खाली गेल्या.

वीणासाठी उद्याचे तुकडे काढून ठेवायचे होते. ताईंनी मोजले, तर एक कमी भरला. त्यांना माहीत होतं कमी भरेल. सकाळी निघताना त्यांनी ट्रंकेच्या तळातून ती चौघडी काढून पिशवीत टाकली होती आणि घाटाच्या पायऱ्या चढताना दोनदा परत फिरायचं मनात आणलं होतं. दुपारी सगळ्या कापडांबरोबर तीही पातेल्यात उकळली होती, आणि आता उन्हाने कडकडीत वाळली होती. गाजीपूरच्या त्या बाईने घातलेली घडी मोडून गेली होती.

ताईंनी तुकडा मांडीवर पसरला. आईचं लुगडं. बाळाला यात झोप लागली होती. "किसी और बच्चे को," बाई म्हणाली होती, आणि आपण चौदा महिने तिचं ऐकलं नाही, हे त्यांना आता नीट कळलं. त्यांनी कात्री घेतली, हिरव्या काठाला लावली आणि सरळ रेषेत काठ वेगळा केला. मग पुठ्ठ्याचं माप ठेवून तुकडा बाकीच्यांसारखा कापला आणि गठ्ठ्यात मध्यावर सारला.

खाली वीणाने हाक मारली. ताईंनी गठ्ठा सारखा करायला हातात घेतला, पांढऱ्या कडांवरून अंगठा फिरवला, आणि कुठला कोणाचा ते त्यांना सांगता येईना. त्यांनी तो हिरव्या काठाने घट्ट बांधला, वर गाठ मारली आणि जिन्याकडे निघाल्या.